बाकडे कोणाचे?

अक्षरावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असे म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. हल्ली अक्षर काढतो कोण? माणूस ओळखावा तो बागेतल्या बाकड्यावर कसा बसतो, त्यावरून. एका टोकाला अंग चोरून बसलेला गृहस्थ जन्मभर वरिष्ठांच्या टेबलासमोर उभा राहिलेला असतो. मधोमध बसून दोन्ही हात बाकड्याच्या पाठीवर पसरणारा एक तर साहेब असतो, नाहीतर कालच आजोबा झालेला असतो. आणि स्वतः एका बाजूला बसून शेजारी पिशवी, पिशवीवर छत्री आणि छत्रीवर वर्तमानपत्र अशी मांडणी करणारा माणूस हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी असतो. त्याला विचारायचीदेखील गरज नसते.

या विषयात माझा अधिकार थोडा मोठा आहे. आम्ही राहतो मुलुंडला. बहीण घाटकोपरला, मेहुणा अंधेरीला आणि मुलगी बोरिवलीला. मुंबईत ठरल्या वेळी कोणाकडे पोचणे कोणालाच जमत नाही. माणूस एक तर तासभर उशिरा पोचतो, नाहीतर अचानक गाडी मिळाल्यामुळे तासभर आधी. मी दुसऱ्या वर्गातला. गाडीतही आणि याही बाबतीत. आता तासभर आधी जाऊन बेल वाजवणे म्हणजे यजमानीणबाईंना गाऊनमध्ये आणि यजमानांना दाढीच्या साबणात गाठणे. त्यापेक्षा तो तास मी जवळच्या बागेत काढतो. असे पुष्कळ तास काढल्यामुळे माझ्या डोक्यातला उपनगरांचा नकाशाच निराळा झाला आहे. त्यात स्टेशने नाहीत. नुसती बाकडी आहेत.

आमच्या मुलुंड पूर्वेला चिंतामणराव देशमुखांच्या नावाची बाग आहे. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४३ साली झाले. पुढे केंद्रात अर्थमंत्री असताना १९५६ साली त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. अशा माणसाच्या नावाच्या बागेत पेन्शनर मंडळींनी मुदतठेवीच्या व्याजावर बोलावे, हे अगदी योग्य आहे. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. मुंबईसाठी दिल्लीतली खुर्ची सोडणे एक वेळ जमेल. संध्याकाळी सहा वाजता मुंबईतल्या कुठल्याही बागेतले बाकडे सोडणे जमणार नाही.

घाटकोपरला पंतनगरात आचार्य अत्रे मैदान आहे. मुंबईतल्या कुठल्याही मैदानाची रविवार सकाळची कळा एकच. पाच-सहा क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले. एका सामन्याचा विकेटकीपर दुसऱ्या सामन्याच्या अंपायरला पाठ लावून उभा. चेंडू कोणाचा, धाव कोणाची, ओरडले कोण, हे बाहेरच्याला कळणार नाही. पण आतल्या पोरांचा कधी घोळ होत नाही. ही पोरे मोठी होऊन त्याच मैदानाच्या कडेला बाकड्यावर बसायला लागली, की घोळ सुरू होतो.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. काळ्या बेसॉल्टचा सरळसोट, दोनशे फुटी सुळका. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पायऱ्या चढून गेले की वर गावदेवीचे देऊळ आणि जराशी बाग. खाली मात्र चारी बाजूंनी वस्ती आणि इमारती त्याला अशा भिडल्या आहेत, की पाहून माझे समाधान होते. साडेसहा कोटी वर्षे आधी येऊन जागा धरली, तरी मुंबईत शेवटी सरकून बसावे लागतेच.

राहिली बोरिवली. तिथे सावरकर उद्यान आहे, आणि रेल्वेच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यान. या दोन्ही ठिकाणांना आपण ‘उद्यान’च म्हणतो. एकात झोपाळे आहेत आणि दुसऱ्यात बिबटे.

आता थोडा हिशेब. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यावर वाद चालले होते, तेव्हा एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. मुंबईत माणशी मोकळी जागा किती? तर साधारण सव्वा चौरस मीटर. आकडा ऐकून डोळ्यांसमोर काही येईना, म्हणून मी घरातली चटई मोजली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. अठरा चौरस फूट. सव्वा चौरस मीटर म्हणजे साडेतेरा चौरस फूट. म्हणजे मुंबईकराच्या वाट्याला आली पाऊण चटई. मांडी घालून बसायला भरपूर. आडवे व्हायचे तर गुडघे पोटाशी घ्यावे लागतील. उलट राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्यात बिबटे चाळीस-पन्नास. दर बिबट्यामागे दोन चौरस किलोमीटर! अर्थात त्यात आदिवासी पाडेही आहेत आणि मुंबईला पाणी देणारे तुळशी-विहारचे तलावही. पण तरी सरासरी ती सरासरी. तो बिबटा एवढ्या जागेत झाडाला ओरखडे काढून आणि वास सोडून आपली हद्द सांगत फिरतो. आमची बागेतली मंडळी बाकड्यावर रुमाल टाकतात. स्वभाव तोच. फक्त आपण अधिक सुसंस्कृत. आपला रुमाल धुतलेला असतो.

पाऊण चटईचा हा प्रश्न वरवर पाहता जागेचा वाटतो, पण तो खरा नीतिशास्त्राचा आहे. जे सगळ्यांचे आहे, ते नक्की कोणाचे? बागेत याची दोन उत्तरे रोज ऐकू येतात.

पहिले उत्तर : कोणाचेच नाही. हे उत्तर देणारे पहाटे साडेपाचला येतात. हातात आकडी आणि प्लॅस्टिकची पिशवी असते. जास्वंद, तगर, कण्हेर, सगळे रांगेने आटपत जातात. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी त्यांना फार उपयोगी पडते, पिशवी अडकवायला. एकदा एका आजोबांना मी विचारले, “आजोबा, पाटी वाचली का?”

“वाचली की. ‘तोडू नयेत’ असं लिहिलंय. मी खुडतोय.”

“पण ही फुलं सगळ्यांची आहेत ना?”

“सगळ्यांची म्हणजे कोणाची हो? कोणाचीच नाहीत. देवाची आहेत, देवाला देतो. तुमचं काय गेलं?”

आजोबांच्या बाजूने शास्त्रही आहे. गौतम धर्मसूत्रात म्हटले आहे, की गायीसाठी आणि अग्नीसाठी गवत, सरपण आणि झाडावेलींची फुले आपलीच समजून घ्यायला हरकत नाही. फळांना मात्र अट आहे. झाडाला कुंपण नसावे. म्हणजे कुंपणाचा मान त्या ऋषींनीही ठेवला होता. आमच्या बागेला कुंपण आहे, फाटक आहे, पाटी आहे आणि कधीकधी वॉचमनही असतो. पण आजोबा म्हणणार, अट फळांना आहे, फुलांना नाही. आता यावर काय बोलणार? एवढेच, की सात वाजता बागेत येणारी मुले जास्वंद हे एक हिरवे झाड आहे असे समजून वाढत आहेत.

दुसरे उत्तर : माझेच. हे उत्तर असे उघड कोणी देत नाही. पिंपळाखालच्या बाकड्यावर सकाळचे एक मंडळ बसते. गेली कित्येक वर्षे बसते. त्यातला एकजण वारला तेव्हा त्याची जागा पंधरा दिवस रिकामी ठेवली होती. एवढी दुखवट्याची सुट्टी त्याच्या ऑफिसनेसुद्धा कधी कोणाला दिली नसेल. एखादा अनोळखी माणूस चुकून त्या बाकड्यावर बसला, तर मंडळ भांडत नाही. सुशिक्षित मंडळी आहेत. ते भोवती उभे राहतात आणि त्यातले ज्येष्ठ गोड आवाजात म्हणतात, “आपण इकडे नवीन दिसता?” मराठीत यापेक्षा सभ्य शब्दांत जागा खाली करण्याची नोटीस देता येत नाही.

या मंडळालाही आधार आहे, तोही थेट रोमचा. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा एक दाखला येतो. नाट्यगृह सगळ्यांचे असते, पण ज्याने जी जागा घेतली ती त्याची म्हणणे रास्तच आहे. जग सगळ्यांचे असले तरी माणसाचे म्हणून काही असू शकते, हे पटवायला त्यांनी हा दाखला घेतला. दाखला मला पटतो. आमच्या मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात मी तिकीट काढून बसलो, की ती खुर्ची माझी. कोणी आमदार आला तरी उठणार नाही. पण नाटकाला शेवटी पडदा असतो. पडदा पडला की माझा हक्क संपला. रात्री दीड वाजता मी ‘खुर्ची माझीच आहे’ म्हणून बसून राहिलो, तर डोअरकीपर मला माझ्या हक्कासकट उचलून बाहेर ठेवील. बाकड्याला पडदा नाही. तिथे नाटक रोज चालू आणि पहिल्या रांगेतले लोक कायमचे. स्टोइक लोक मोठे खरे, पण त्यांना बागेचा सराव दिसत नाही.

तिसरे उत्तर मला सापडले ते बोरिवलीला, आणि तेही मुलीकडे तासभर नव्हे, चांगला तीन तास आधी पोचल्यामुळे. वेळ घालवायला कान्हेरीला गेलो. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात ही लेणी आहेत, शंभराहून अधिक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्षू इथे राहत. त्यांच्या खोल्यांतून दगडातच कोरलेले ओटे आहेत, बसायला आणि पाठ टेकायला. बाहेर पाण्याची टाकी. आणि भिंतींवर देणगीदारांचे लेख. कल्याणचे सोनार, लोहार, सोपाऱ्याकडचे व्यापारी. आपल्या बागेत ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ किंवा ‘नगरसेवक निधीतून’ असे बाकड्यावर रंगवतात ना, तोच प्रकार. माणसाला दान करून गप्प बसवत नाही, हे तेव्हाही खरे होते.

पण एक फरक आहे. हे दान कोणाला दिले, तर पुष्कळ लेखांत ‘चारी दिशांच्या’ भिक्षुसंघाला. म्हणजे आज इथे राहणाऱ्या दहा-वीस जणांना नव्हे. कुठल्याही दिशेने, कधीही जो येईल त्याला. अजून जन्मालाही न आलेल्या माणसाला!

मला हा शब्द फार आवडला. घरी येऊन मी भिक्षूंचे नियम, म्हणजे विनयपिटक, थोडे चाळले. वाटले होते की त्यात निर्वाणाची मोठी मोठी चर्चा असेल. पाहतो तर आमच्या बागेचीच नियमावली! संघाच्या खाटा आणि आसने कोणी कोणाला देऊन टाकू नयेत आणि आपसात वाटूनही घेऊ नयेत. संघाचे आसन उघड्यावर मांडले असेल तर जाताना ते तसेच टाकून जाऊ नये. रागाच्या भरात कोणाला बाहेर काढू नये. आणि सगळ्यात कहर म्हणजे हा नियम : आधी आलेल्या भिक्षूला खेटून, त्याला अडचण झाली म्हणजे जाईल तो आपोआप, अशा हिशेबाने मुद्दाम पथारी पसरू नये. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांसाठी हा नियम करावा लागला होता. घर सोडले, बायकामुले सोडली, केस उतरवले. पण चौथ्या सीटवर बसून हळूहळू तिसऱ्याला सरकवण्याची कला काही सुटली नाही. तेव्हापासून पिंपळाखालच्या मंडळावरचा माझा राग बराच कमी झाला आहे.

हे सगळे पुस्तकातले झाले. खरी परीक्षा आमच्या घराजवळच्या छोट्या बागेत आली. बागेचे नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून ताजे आहे. ही बाग पूर्वी दुपारी बंद असे. आता दिवसभर उघडी असते. त्यामुळे दुपारी एका बाकड्यावर एक तरुण झोपू लागला. अंगात सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट, उशाला बूट, तोंडावर रुमाल. साडेचारच्या सुमारास मंडळी येऊ लागत, तेव्हा तो गाढ झोपलेला असे. मंडळाची तातडीची सभा भरली. ठराव असा झाला, की बाकड्यांच्या मध्यभागी लोखंडी दांडा बसवावा, म्हणजे माणसाला बसता येईल, पण आडवे होता येणार नाही. हल्ली अशी बाकडी निघाली आहेत. अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. “तुमचं मराठी चांगलं आहे,” असे अध्यक्ष म्हणाले. निवृत्त माणसाला फुकट कामाला लावण्याची हीही एक सभ्य रीत आहे.

“बाकडं बसायला असतं,” अध्यक्ष म्हणाले. “झोपायचं असतं तर पालिकेने उशी नसती का दिली?”

हा मुद्दा मी सोडून दिला असता. पण मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, “माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात. तो पसरलेला असला की मी कुठे बसू? हिरवळीवर बसले तर उठवायला क्रेन आणावी लागेल.” याला उत्तर नव्हते. एकाची झोप आणि दुसरीचे गुडघे. दोघांपैकी एकही ऐष करायला बागेत आलेला नव्हता.

मी मजकूर जुळवला. ‘आसनव्यवस्थेचा निद्रेसाठी होणारा गैरवापर’ वगैरे शब्द छान जमले होते. पण ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्याच्याशी एकदा बोलावे म्हणून मी दुसऱ्या दिवशी चारलाच बागेत गेलो. तो नुकताच जागा होऊन बूट चढवत होता.

“खोली नाही का रे तुला?”

“आहे ना, काका. सहा जणांत एक. तिघं रात्रपाळीचे, तिघं दिवसाचे. पण पत्र्याची आहे. दुपारी आत राहवत नाही. बारा तासांची ड्यूटी आहे. रात्री डुलकी लागली तर नोकरी जाते.”

“अरे, पण साडेचारला म्हातारी माणसं येतात.”

“मग उठवायचं ना! मला वाटलं, उठवत नाहीत म्हणजे बसायचं नसेल कोणाला. सगळे नुसते उभे राहून बघतात.”

मी घरी आलो. घरी म्हणजे जिन्यापर्यंत. दुपारी तीन ते पाच आमच्या हॉलमध्ये मुलाची परदेशातल्या लोकांशी मीटिंग चालते. “बाबा, तुम्ही कॅमेऱ्यात येताय,” असे तो दोनदा म्हणाला, तेव्हापासून मी त्या वेळी बागेत असतो. आतल्या खोलीत सूनबाईंची मीटिंग, स्वयंपाकघरात आमची ही. जिन्यात उभ्या उभ्या माझ्या लक्षात आले, की त्या पोराची खोली पाळीने आणि माझा हॉलही पाळीने. त्याच्या खोलीवर पत्रा आहे आणि माझ्या हॉलवर कॅमेरा, एवढाच फरक. बाकड्यावर आम्ही दोघे एकाच कारणाने आलो होतो. आपल्या घरात ज्या वेळी आपल्याला जागा नसते, त्या वेळेपुरते ते आमचे घर होते.

मग मला त्या लोखंडी दांड्याचे दुखणे कळले. दांड्याला वेळ कळत नाही. साडेचार वाजता बाईंच्या गुडघ्यांसाठी तो ठीक आहे. पण टळटळीत दुपारी एक वाजता, जेव्हा बागेत चिटपाखरू नसते आणि बाकडे कोणालाही नको असते, तेव्हाही तो तितकाच ताठ उभा राहणार. आणि तो बसवायचा कशासाठी? तर ‘बाळा, ऊठ आता’ हे तीन शब्द कोणाला बोलावे लागू नयेत म्हणून. माणसाला विचारायची लाज वाटते, तिथे आपण लोखंड वापरतो. सगळ्यांच्या वस्तूला मालक नसतो. तिला पाळी असते. आणि पाळी चालवायची म्हणजे एकमेकांशी बोलावे लागते. मैदानावरची पोरे ओरडून ओरडून तेच करत असतात, म्हणून सहा सामने एका मैदानात मावतात. आपण मोठे होतो, सभ्य होतो, आणि रुमाल टाकायला लागतो.

मी अर्ज बदलून लिहिला. दांडे नकोत, आणखी दोन बाकडी द्यावीत, एवढीच मागणी ठेवली. अध्यक्षांनी वाचून बराच वेळ चष्मा पुसला. गुडघेवाल्या बाईंनी पहिली सही केली. म्हणाल्या, “पोराला उठवायचं काम माझ्याकडे. घरी तीन मुलं उठवून शाळेत पाठवलीत, हा तर एकटाच आहे.” मग अध्यक्षांनीही सही केली, पण ‘दांडे नकोत’च्या आधी ‘तूर्त’ हा शब्द स्वतःच्या हाताने घातला. अर्ज गेला. पोच मिळाली. बाकडी यायची आहेत.

तूर्त व्यवस्था अशी आहे. साडेचारला बाई काठीने बाकड्याच्या पायावर दोनदा वाजवतात. तो उठतो, बूट घालतो आणि जायच्या आधी तोंडावरच्या रुमालाने सगळे बाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसतो. हे त्याला कोणी शिकवले नाही, आणि विनयपिटक त्याने वाचले असण्याचा संभव नाही. पुसून झाले की बाजूला होऊन म्हणतो,

“बसा आजी. गरम करून ठेवलंय.”

मुंबईच्या मे महिन्यात गरम बाकडे कोणाला हवे असते? पण आम्ही बसतो.